मोजका डेटा, मोकाट अपडेट
अभ्यासिकांमध्ये या आठवड्यात एक दृश्य सगळीकडे सारखंच दिसलं: लॅपटॉपशेजारी पालथा मोबाइल आणि त्याच्या हॉटस्पॉटवर चाललेला अभ्यास. दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक, त्यातच व्याख्यानं, त्यातच परीक्षांचे अर्ज. लॅपटॉपला मात्र हॉटस्पॉट म्हणजे घरच्या ब्रॉडबँडसारखंच वाय-फाय; मर्यादा त्याला कुणी सांगितलेलीच नसते. मग एखादं मोठं अपडेट गुपचूप उतरू लागतं, कोटा संपतो आणि वेग 64 केबीपीएसवर येतो. त्यात हॉल तिकीट उघडायचं म्हणजे परीक्षेआधीची परीक्षाच. मंडळी, उपाय फुकट आहे. विंडोज 10 असो वा 11, सेटिंग्जमध्ये जाऊन त्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. बहुतेक अपडेट्स आपोआप उतरायची थांबतात आणि आपल्या डेटातून इतरांच्या संगणकांना अपडेटचे तुकडे पाठवणंही थांबतं. पण अपडेट्स कायमची टाळू नका, हे मी हट्टाने सांगणार. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक ओलीस धरले, तेव्हा विंडोजमधलं त्याच्या शिरकावाचं भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. म्हणून अधूनमधून ब्रॉडबँडवाल्या मित्राकडे लॅपटॉप घेऊन जा आणि गप्पा रंगेपर्यंत सगळी अपडेट्स उरकून घ्या. आणि कंपन्यांनी एवढं करायलाच हवं: मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की ही ‘मीटर्ड’ सेटिंग मुळातच चालू असावी, आणि डेटा खर्चण्याआधी यंत्राने मालकाला विचारावं.