कुपीवरचं नाव म्हणजे पुरावा नव्हे

रक्ताचा नमुना द्यायला आलेल्या एका काकांचा उजवा हात सतत थरथरत होता. एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी झालेली. सुई टोचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, याचं पुढं काय करणार गं तुम्ही?" मी उत्साहानं सांगितलं, "काका, तुमच्या पांढऱ्या पेशींमधलं एक प्रथिन मोजणार. पार्किन्सनशी त्याचा संबंध आहे." "मग काही सापडलं तर कळव हो," म्हणाले, आणि डाव्या हातानं उजवा हात धरून निघून गेले.

ते प्रथिन मी आठ महिने मोजलं. आठ महिन्यांनी कळलं, की मी भलतंच काहीतरी मोजत होते.

हा लेख माझ्या रडगाण्यासाठी नाही. माझा मुद्दा साधा आहे: प्रयोगशाळांमध्ये अँटिबॉडीच्या कुपीवर छापलेल्या नावालाच पुरावा मानलं जातं, आणि ही आळशी सवय विज्ञान म्हणून खपवली जाते. ती बंद झाली पाहिजे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पेशीत हजारो प्रथिनं असतात. त्यांतलं एकच हवं असेल तर ते ओळखणारा कुणीतरी लागतो. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, हे काम करते. ती ठरावीक आकाराला जाऊन चिकटते. 'वेस्टर्न ब्लॉट' नावाच्या पद्धतीत पेशींचा रस जेलमधून पळवतात, प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात, मग त्यांच्यावर अँटिबॉडी सोडतात. जिथे ती चिकटेल तिथे पट्टी उमटते. पट्टी गडद, तर प्रथिन जास्त.

माझं प्रथिन होतं एलआरआरके२. त्याच्या जनुकातल्या बिघाडाचा पार्किन्सनशी असलेला संबंध २००४ साली उघड झाला. २५२७ अमिनो आम्लांचं हे धिप्पाड प्रथिन. माझी पट्टी मात्र असायला हवी त्याच्या जरा खाली यायची. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुकडा पडला असेल. ही अँटिबॉडी कितीतरी पेपरांत वापरली आहे." मी गप्प बसले. मग दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं मला माणसाच्या अशा पेशी दिल्या, ज्यांतलं एलआरआरके२चं जनुकच निकामी केलेलं होतं. त्यांना 'नॉकआउट' म्हणतात. त्या पेशींत हे प्रथिन असूच शकत नाही. तरी पट्टी आली. त्याच जागी, तितकीच गडद.

रिकाम्या घरासमोर कुत्रं घरमालकाच्या नावानं भुंकत होतं, आणि मी आठ महिने त्या भुंकण्याचे आलेख काढत होते.

हे माझ्या एकटीचं दुर्दैव असतं तर लिहिलं नसतं. पार्किन्सनच्या संशोधनाचा इतिहासच अँटिबॉडींच्या खांद्यावर उभा आहे. १९१२ साली फ्रिड्रिख लेवी यांनी रुग्णांच्या मेंदूत गोळे पाहिले, पण ते कशाचे, हे कळायला १९९७ उजाडावं लागलं. त्या वर्षी आधी एका इटालियन कुटुंबात अल्फा-सायन्युक्लिनच्या जनुकातला बिघाड सापडला, आणि लगोलग अँटिबॉडी वापरून दिसलं, की लेवींचे गोळे याच प्रथिनानं भरलेले आहेत. चांगली अँटिबॉडी काय करू शकते, याचं हे झळझळीत उदाहरण.

२००२ साली कळलं, की या गोळ्यांमधल्या अल्फा-सायन्युक्लिनवर १२९व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट चिकटलेला असतो. मग या फॉस्फेटवाल्या रूपाला ओळखणाऱ्या अँटिबॉडी रोगाची खूण म्हणून सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. पुढे लक्षात आलं, की त्यांतल्या काही अँटिबॉडी न्यूरोफिलामेंट नावाच्या दुसऱ्याच प्रथिनालाही चिकटतात, कारण त्याच्यावरचा फॉस्फेटवाला तुकडा दिसायला तसाच आहे. न्यूरोफिलामेंट तर चेतापेशींत भरपूर. म्हणजे उंदराच्या मेंदूत 'रोग पसरला' असं वाटावं, आणि प्रत्यक्षात निरोगी पेशीचा सांगाडाच रंगलेला असावा!

एलआरआरके२चं तर विचारूच नका. ते कुठल्या पेशींत किती असतं, याची वेगवेगळ्या अँटिबॉडींनी वेगवेगळी उत्तरं दिली. शेवटी मायकल जे. फॉक्स फाउंडेशनच्या पुढाकारानं सशापासून मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवल्या गेल्या आणि २०१३ साली त्यांची कसून तपासणी प्रसिद्ध झाली. हे काम आधी व्हायला हवं होतं.

आता मोठे आकडे. २०१५ साली 'नेचर'मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी लिहिलं, की अशा द्रव्यांवर जगभर वर्षाला अंदाजे १.६ अब्ज डॉलर खर्च होतात आणि त्यांतले निम्मे वाया जातात. २०२३ साली 'वायकॅरोस' या गटानं मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी नॉकआउट पेशींवर तपासल्या. ज्या आपलं प्रथिन ओळखतच नाहीत अशा अँटिबॉडींवर बेतलेले पेपर निघाले प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा. हे बारा पेपर वाचून पुढचे किती प्रयोग आखले गेले असतील, मोजा.

यात खलनायक कोण? कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि काही शिव्या रास्तही आहेत. पण याच तपासणीनंतर नापास ठरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के अँटिबॉडी कंपन्यांनी बाजारातून काढल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. म्हणजे पुरावा समोर ठेवला की विकणारे हलतात. हलत नाही ते आपण. "आधीच्या पेपरात हीच वापरली होती," हे वाक्य आपल्याकडे गुरुमंत्रासारखं पुढच्या पिढीला दिलं जातं. तीस रुपयांचा नारळ आपण कानाशी हलवून घेतो. हजारो रुपयांच्या कुपीला मात्र नमस्कार करून फ्रीजमध्ये ठेवतो.

यावर नेहमीचे तीन आक्षेप येतात.

पहिला: "आपल्याकडे पैसा कुठे आहे? नॉकआउट पेशी परवडत नाहीत." माल परदेशातून येतो, आठवडे लागतात, सुका बर्फ वाटेत उडून जातो, हे सगळं मी भोगलंय. पण ज्याच्याकडे एकच कुपी घ्यायचे पैसे आहेत, त्यानंच ती जास्त पारखून घ्यायला हवी ना? नॉकआउट नसेल तर आरएनए वापरून प्रथिन कमी करून बघता येतं. वायकॅरोसचे निकाल कुणालाही फुकट वाचता येतात. आणि एका शहरातल्या चार संस्थांनी मिळून पेशींचा एक संच सांभाळणं अशक्य नाही. अडचण पैशाची कमी, एकमेकांना पेशी न देण्याच्या वृत्तीची जास्त आहे.

दुसरा: "विज्ञान स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं." नाही करत. माणसं करतात, आणि बहुतेकदा ती पगार न वाढलेली, पीएचडी लांबलेली तरुण माणसं असतात. दुरुस्ती होईपर्यंत कुणाची फेलोशिप संपते आणि कुणाचा आजार पुढच्या टप्प्यावर जातो.

तिसरा आक्षेप मला खरंच छळतो: "असं जाहीर लिहिलंस तर विज्ञानाला थोतांड म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळेल." मिळू दे. चूक मी कुठल्या बाबाला विचारून नाही शोधली, नॉकआउट पेशी वापरून शोधली. झाकून ठेवलेली चूक त्यांना जास्त बळ देते.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. प्रथिन नसलेल्या नमुन्यावरचा निकाल दाखवल्याशिवाय अँटिबॉडीवर उभा असलेला पेपर छापू नये. कॅटलॉग आणि लॉट क्रमांक लिहावाच, कारण सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी दुसऱ्या सशात बदलते. शक्य तिथे ज्यांचा अनुक्रम माहीत आहे अशा रिकॉम्बिनंट अँटिबॉडी वापराव्यात. ब्लॉटवर चालली म्हणून मेंदूच्या कापावर चालेल असं गृहीत धरू नये. प्रत्येक वापरासाठी वेगळी परीक्षा घ्यावी. अनुदान देणाऱ्यांनी या तपासणीसाठी वेगळे पैसे आणि वेगळे महिने द्यावेत. आणि मार्गदर्शकांनो, "ही पट्टी चुकीची वाटते" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प करू नका. प्रयोगशाळेतला सगळ्यात स्वस्त कंट्रोल तोच आहे.

घाई का करायची? कारण आता याच फॉस्फेटवाल्या अल्फा-सायन्युक्लिनच्या अँटिबॉडी वापरून त्वचेच्या तुकड्यावरून निदान करण्याच्या चाचण्या आल्या आहेत. आजवर चुकीची पट्टी आमच्या पेपरात राहायची. उद्या ती कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये येईल.

त्या काकांना मी काही कळवलं नाही. कळवण्यासारखं माझ्याकडे एकच वाक्य होतं: काका, तुमचं रक्त चांगलं होतं, आमची कुपी खोटी होती, आणि आम्ही ती तपासली नव्हती.