बोलायला माणूस हवा असेल तर : १४५६७

समता कॉलोनी असो वा पुण्यातली एखादी सोसायटी, मुले परगावी आणि आईवडील घरी एकटे, हे आता नवे नाही. औषधोपचारांची सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळते. पण दुपारभर बोलायला कोणी नसेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एकाला एकाकीपणा जाणवतो. आपल्याकडे त्यासाठी सर्वांत जवळची सरकारी सेवा म्हणजे एल्डरलाइन, क्रमांक १४५६७. सकाळी ८ ते रात्री ८, सातही दिवस, मोफत. पेन्शनची माहिती किंवा छळाची तक्रार यांपुरतीच ती आहे, असा समज दिसतो. तसे नाही. भावनिक आधार देणे हेही तिचे काम आहे. ‘एकटे वाटते’ एवढे कारण पुरते.

उणीव वेळेची आहे. एकटेपणा जास्त जाणवतो तो रात्री, आणि ८ नंतर ही सेवा बंद! तेव्हा टेलि-मानसचा १४४१६ लावावा. तो २४ तास चालू असतो, भाषाही निवडता येते.

फोनवरचा आवाज मात्र सोबतीला घेऊन बाहेर पडत नाही. जवळच चौबे कॉलोनीत १९३५ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे. अनेकांची अडचण तिथवर नेणाऱ्या हाताची असते. अशा सोबतीसाठी योजनांत ठोस तरतूद हवी. तोवर शेजारच्या आजींना पहिला फोन तुम्ही लावून द्या आणि मंडळात जाताना त्यांनाही विचारा.