चेंबरमध्ये आपलाच पावसाळा हवा

औषधाच्या स्ट्रिपवर छापलेली मुदत ही एका बंद कपाटातल्या हवेवर उभी असते. अंधेरी-मरोळच्या औद्योगिक वसाहतींपासून कांदिवली-मुलुंडपर्यंत जिथे गोळ्या-कॅप्सूलची गुणवत्ता-नियंत्रण (क्यूसी) प्रयोगशाळा आहे, तिथे स्टॅबिलिटी चेंबर आलेच. देशांतर्गत मालाच्या चेंबरवर बहुतेक ठिकाणी ३० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता हे आकडे दिसतात. पहिल्या आकड्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. दुसरा मात्र मुंबईच्या उपनगरांतल्या हवेला पुरत नाही, कोकण, मंगळूर, कोची, चेन्नई, कोलकात्यालाही पुरत नाही. ओलावा आत शिरू देणाऱ्या पॅकमधून देशात विकल्या जाणाऱ्या औषधांची दीर्घकालीन चाचणी ३० अंश आणि ७५ टक्के, म्हणजे ३०/७५ वर व्हावी, आणि ती नियामकाच्या पत्राची वाट न पाहता उत्पादकांनी स्वतःहून सुरू करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चेंबर ही हवा कशी तयार करते, ते आधी पाहू, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. कॉम्प्रेसर आतली हवा सतत थंड करत राहतो आणि हीटर तिला पुन्हा सेटपॉइंटवर आणतो. थंड कॉइलवर जे पाणी सुटते ते बाहेर जाते, आणि जेवढे बाष्प हवे तेवढे खनिजमुक्त (डीएम) पाण्याच्या बॉयलरमधून वाफेच्या रूपाने परत सोडले जाते. पंखे ती हवा शेल्फांवरून फिरवतात, सेन्सर मोजतो, कंट्रोलर हीटर आणि वाफ कमी-जास्त करतो. म्हणजे उष्णता आणि ओलावा यांची आत सतत ओढाताण चालू असते आणि दिसणारा स्थिर आकडा हा त्या ओढाताणीचा तोल असतो. ३० अंशांना ६५ टक्के आर्द्रता म्हणजे बाष्पदाब सुमारे २७.६ हेक्टोपास्कल. तेवढेच बाष्प असलेल्या हवेत एखाद्या शेल्फचा कोपरा २८ अंशांवर राहिला, तर तिथली सापेक्ष आर्द्रता ७३ टक्क्यांच्या जवळ जाते. तापमान एका अंशाने घसरले की आर्द्रता चारएक टक्क्यांनी चढते. म्हणून नऊ-दहा सेन्सर लावून रिकाम्या आणि भरलेल्या चेंबरचे मॅपिंग करावे लागते. डिस्प्लेवरचा आकडा फक्त सेन्सरच्या जागेपुरता खरा असतो आणि बॅचचा बॉक्स काही सेन्सरजवळ ठेवलेला नसतो. पण मॅपिंग उत्तम झाले, कॅलिब्रेशन चोख असले, तरी त्यातून एवढेच सिद्ध होते की चेंबर दिलेला आकडा पाळते. आकडा योग्य आहे की नाही, हे चेंबर सांगू शकत नाही.

तो आकडा आला कुठून? संशोधक शूमाखर यांनी १९७२ मध्ये औषधांच्या स्थिरता चाचणीसाठी जगाचे चार हवामान विभाग सुचवले. पुढे १९९० च्या दशकात युरोप, अमेरिका आणि जपान यांनी आयसीएच या औषध-नियमांच्या सुसूत्रीकरणासाठीच्या मंचाच्या चौकटीत आपल्या समशीतोष्ण हवेसाठी २५/६० ठरवले, आणि उष्ण-दमट देशांसाठी ३०/६५ ही तडजोड मागाहून पुढे आली. आसिआन देशांनी आपल्या हवेची आकडेवारी मांडून ती नाकारली आणि ३०/७५ चा आग्रह धरला. त्या वादातून चौथ्या, म्हणजे उष्ण-दमट विभागाचे अ आणि ब असे दोन भाग झाले, आयसीएचने उष्ण विभागांसाठीची आपली मार्गदर्शिका क्यू१एफ २००६ मध्ये मागे घेतली आणि निर्णय त्या त्या देशांवर व जागतिक आरोग्य संघटनेवर सोपवला. आपल्याकडे औषध नियमांच्या २००५ च्या सुधारित शेड्यूल वायमध्ये ३०/६५ छापले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या यादीत भारतासमोर ३०/७० आहे. हा मधला आकडा आपल्या प्रयोगशाळांत फारसा रुजला नाही, हाताला ३०/६५ च बसले. आसिआनला माल पाठवणारी कंपनी मात्र तिथल्या नोंदणीसाठी ३०/७५ चे चेंबर चालवतेच. तेव्हा यंत्र नाही, कौशल्य नाही, असे कोणी म्हणू नये.

आता आपली हवा पाहा. अ आणि ब या दोन उपविभागांमधली सीमारेषा २७ हेक्टोपास्कल बाष्पदाबावर आखलेली आहे, म्हणजे दवबिंदू साधारण साडेबावीस अंश. सांताक्रूझला जुलैत दिवसरात्रीचे सरासरी तापमान २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. याचा बाष्पदाब ३१ हेक्टोपास्कल होतो, आणि ३०/७५ च्या चेंबरचा बाष्पदाब ३१.८. मुंबईचा पावसाळा म्हणजे जवळजवळ हेच चेंबर, फक्त दोनएक अंश थंड आणि त्या मानाने अधिक दमट. मेपासून सप्टेंबरपर्यंत, आणि बहुतेकदा ऑक्टोबरमध्येही, उपनगरातली हवा त्या सीमारेषेच्या वरच असते. जानेवारीत ती रेषेच्या बरीच खाली उतरते, म्हणून वर्षाची सरासरी काढली की उत्तर नेमके रेषेजवळ येते, आणि रेषेजवळचे उत्तर सोयीच्या बाजूला ढकलणे सोपे असते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: विभाग ठरतात ते वार्षिक सरासरीवर, आणि देश मुंबईएवढा नाही. जैसलमेर आणि लेहसुद्धा त्यातच येतात. पण सरासरीचे हे गणित उष्णतेला जसे लागू पडते तसे ओलाव्याला पडत नाही. उष्णतेसाठी आपण साधी सरासरी वापरतच नाही, मीन कायनेटिक तापमान वापरतो, कारण तापलेल्या दिवसांत विघटन अधिक वेगाने होते आणि त्या दिवसांना जास्त वजन द्यावे लागते. आर्द्रतेसाठी असे वजन देणारे माप नियमांत नाही, तिथे साधी सरासरीच चालते. वास्तविक पीव्हीसी ब्लिस्टरमधून जून ते सप्टेंबर आत झिरपलेला ओलावा जानेवारीत थोडा बाहेर पडेलही, पण तोवर झालेले जलविघटन परत फिरत नाही. क्लॅव्ह्युलॅनेट ओलाव्याने मोडले की मोडले. ॲस्पिरिनमधून सुटलेले सॅलिसिलिक आम्ल पुन्हा ॲस्पिरिन होत नाही. तेरा ते सोळा टक्के पाण्यावर नीट राहणारे जिलेटिनचे कवच त्यापलीकडे मऊ पडते, एकमेकांना चिकटते. आणि जैसलमेरला जाणारी बॅच नि बोरिवलीला जाणारी बॅच वेगळी नसते. एकच बॅच देशभर वाटली जात असेल, तर तिची कसोटी सर्वांत दमट गिऱ्हाइकाच्या हवेतच लागायला हवी. इतर क्षेत्रांत ही रीत रूढच आहे: अंधेरीत सीप्झसमोरच्या ईआरटीएल या चाचणी प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक भागांच्या दमट-उष्ण चाचण्या होतात. तिथल्या आंतरराष्ट्रीय मानकात ४० अंशांना ९३ टक्के आर्द्रता घेतात. भाग सर्वांत वाईट हवेत टिकेल का, हेच तिथे पाहायचे असते, आणि देशाच्या सरासरीचा हिशेब त्यात कुठेच येत नाही.

दुसरा आक्षेप असा की सहा महिन्यांच्या ४०/७५ च्या त्वरित चाचणीत ओलावा येतोच, बाष्पदाब पंचावन्न हेक्टोपास्कलच्या घरात जातो, मग वेगळे चेंबर कशाला? ही चाचणी कडक आहे यात शंका नाही. पण इतक्या कडक अटीत काही औषधे खरोखरच्या वापरात कधीच बिघडणार नाहीत अशा रीतीने बिघडतात, आणि ही गोष्ट सगळ्यांना माहीत असल्यामुळेच तिथले अपयश अखेरचे मानले जात नाही. डिझोल्युशन (गोळी विरघळणे) घसरले, ॲसे (औषधाचे प्रमाण) पाच टक्क्यांहून अधिक उतरला, तरी दीर्घकालीन ३०/६५ चा तक्ता पुढे करून मुदत राखता येते. म्हणजे निवाडा फिरून त्याच आकड्यावर येतो, ज्याबद्दल आमची तक्रार आहे. शिवाय ओलाव्याचे परिणाम तापमानाइतके सलगपणे वाढत नाहीत. अनेक पदार्थांना एक उंबरठा असतो. ठराविक आर्द्रतेखाली ते कोरडे राहतात आणि वर गेले की पाणी ओढून घेतात. तो उंबरठा सत्तरच्या आसपास असला, तर ६५ चे चेंबर तीन वर्षे चालवूनही तो दिसणार नाही.

‘कोरड्या जागी ठेवा’ असे लेबलवर असतेच, हे उत्तर आम्हाला पटत नाही. ऑगस्टमध्ये मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या साध्या घरात कोरडी जागा कुठे दाखवणार? दुकानातला एसी रात्री बंद होतो, तेव्हा काउंटरमागच्या खणांत बाहेरचीच हवा शिरते. लेबलने ग्राहकाला अशी अट घालू नये, जी त्याला पाळता येत नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो, आणि लहान उत्पादकासाठी तो खरा आहे. नवे चेंबर, त्याची वीज, बॅकअप, दर वर्षीची पात्रता चाचणी हे फुकट होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी महानगराचा वीजपुरवठा कोलमडला तेव्हा बॅकअपची किंमत सर्वांनाच कळली. चोवीस तासांहून लांबलेले एक्स्कर्शन, म्हणजे चेंबरचे ठरलेल्या मर्यादेबाहेर जाणे, आयसीएचनुसार अभ्यासाच्या अहवालात नोंदवावे लागते आणि त्याचा परिणामही तपासावा लागतो. पण आमची मागणी सगळ्या मालासाठी नाही. ॲल्यु-ॲल्यु (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे) पॅक आणि बंद काचेच्या बाटल्यांना बाहेरच्या आर्द्रतेने फरक पडत नाही, त्यांना वगळावे. डोळ्यांच्या थेंबांसारख्या अर्धपारगम्य प्लास्टिकमधल्या द्रवांना तर कोरडी हवाच जास्त बाधते, त्यांचे गणित उलटे आहे. राहतात ते पीव्हीसी ब्लिस्टर आणि रोज उघडल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या. सुरुवात यांतल्या कॅप्सूल, क्लॅव्ह्युलॅनेटची मिश्रणे आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या यांपासून करावी. दर वर्षी जी एक बॅच चालू स्थिरता अभ्यासासाठी चार्ज होतेच, तिचाच एक जादा संच ३०/७५ मध्ये ठेवावा, आणि वार्षिक उत्पादन आढाव्यात दोन्ही तक्ते शेजारी छापावेत. काही उत्पादनांची मुदत छत्तीस महिन्यांवरून चोवीसवर येईल, काहींना पीव्हीसीवर पीव्हीडीसीचा थर द्यावा लागेल किंवा ॲल्यु-ॲल्युवर जावे लागेल. तसे झाले, तर आजवर छापलेले ते जादा बारा महिने रुग्णाच्या घरातल्या हवेत तपासलेलेच नव्हते, असा त्याचा अर्थ होईल, आणि तो तक्ता दडवून ठेवण्यापेक्षा पॅक बदलणे स्वस्त पडेल.