टीव्ही भिंतीवर आला, इंग्रजी पोरांच्या तोंडी कधी येणार?

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांवर आता 'डिजिटल शाळा' अशी पाटी दिसते. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं, त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर आले. गावाने पोटाला चिमटा काढून पैसे दिले. त्याचं कौतुक आहेच. पण त्या टीव्हीने इंग्रजीच्या तासाला नेमकं काय केलं, हे कुणी विचारायचं की नाही?

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आज तिशीत आहेत. त्यातल्या किती जणांना चार वाक्यं न अडखळता बोलता येतात, आजूबाजूला बघा. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात देशातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना इंग्रजी वाक्यं वाचायला दिली होती. जेमतेम ५७ टक्क्यांना वाचता आली. आणि हे फक्त वाचणं. बोलणं तर लांबच.

आता ई-लर्निंगचा खरा उपयोग कुठे आहे, तर कानाला. आपल्या पोराच्या घरात, शिवारात, बाजारात इंग्रजी कानावर पडत नाही. मराठी जशी लिहितो तशी वाचतो, म्हणून पोरगं 'वेडनेसडे' वाचतं. चूक त्याची नाही, त्याने 'वेन्झडे' ऐकलेलंच नसतं. ही उणीव व्हिडिओ भरून काढू शकतो. केंद्राचं 'दीक्षा' २०१७ पासून आहे. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. आणि ती क्यूआर कोडची कल्पना कुणाची? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींची! २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांनाच मिळाला. म्हणजे बुद्धी आपल्याकडे कमी नाही.

घोडं अडतं ते वापरण्यात. टीव्ही लावला, कविता वाजली, पोरं सुरात ओरडली, तास संपला. टीव्ही बोलतो, पोरगं ऐकतं. पण टीव्हीला पोराचं ऐकू येत नाही ना! भाषा बोलल्याशिवाय येत नाही. विहिरीच्या काठावर बसून पोहणं शिकलेला माणूस दाखवा.

यात गुरुजींना झोडपण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकांकडे चार-पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची कामं, त्यात कुठे वीजबिल थकलं म्हणून लाईट तोडलेली. अशात टीव्ही लावून दुसऱ्या वर्गाकडे पळणं ही त्यांची मजबुरी असते.

तरी मार्ग आहे, आणि तो महागही नाही. एक मोबाईल, एक छोटा स्पीकर. रेंज असेल तिथे व्हिडिओ आधीच उतरवून घ्यायचा. दोन मिनिटं ऐकवायचा, थांबवायचा, प्रश्न विचारायचा. मग दोघा-दोघांनी एकमेकांशी तेच बोलायचं. पोरांचा आवाज रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवायचा. स्वतःचा आवाज ऐकला की पोरगं आपणहून सुधारतं.

आपण हे नाही केलं तर काय होईल? होतंच आहे. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि ज्याच्याकडे फी आहे त्याचं पोर इंग्लिश मीडियमला नेते. मागे राहतात मजुराची, ऊसतोड्याची पोरं. त्यांच्यासाठी इंग्रजीचा दुसरा दरवाजा नाही. पट घसरला की शाळेवरच गदा.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं. शिक्षण हक्क कायद्याने दिलेली शाळा व्यवस्थापन समिती फक्त सह्यांसाठी नाही. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. टीव्ही चालू आहे का? लाईटबिल कोण भरतं? आणि आठवड्यात माझं पोर वर्गात इंग्रजी किती मिनिटं बोललं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर 'डिजिटल शाळा' ही नुसती पाटी आहे असं समजा.

तुमच्या गावच्या शाळेत काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा. चांगलं चाललं असेल तर ते आधी लिहा, बाकीच्यांना कळू द्या.