रान आणि रेघ

यंदाही आमच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या साहित्यातले रान बहुतेक कोकणातलेच निघाले. नागपूर, चंद्रपूर, गोंदियाकडच्या कवितांत माड डोलतात, चित्रांत हिरव्या कड्यांवरून धबधबे कोसळतात. विदर्भ आलाच तर पळसापुरता आणि वाघापुरता. हे वर्षभर सलत राहिले. २०२५ हे वर्ष तसे गाजले. शाळेत पहिलीपासूनच्या हिंदीचा वाद पेटला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला; शिवरायांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण या अंकाच्या दृष्टीने मोठी घटना एकच. याच वर्षी पद्मश्री मिळालेले मारुती चितमपल्ली १८ जूनला सोलापुरात गेले. श्रद्धांजलीचे लेख उदंड आले, ‘अरण्यऋषी’ म्हणून सर्वांनी हात जोडले. ऋषी म्हटले की त्यांच्यासारखे काम करण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही.

म्हणून यंदाचा विषय ‘रान आणि रेघ’. चितमपल्ली जन्माने सोलापूरचे, नोकरीने वनाधिकारी. विदर्भातल्या नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून ते पाखरांच्या सवयी, मासे, झाडे शिकत राहिले आणि टिपणे ठेवत राहिले. ‘पक्षिकोश’ त्या चिकाटीतून उभा राहिला. ललित लेखनातला गोडवाही तिथूनच आला. त्यासाठी इथेच जन्मावे लागते असेही नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशी, राहायला पुण्याला. पण त्यांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम केला, डोळे भरून पाहिले आणि मग ‘नागझिरा’ लिहिले. आपल्याकडे हल्ली सफारीच्या जिप्सीतून काढलेल्या फोटोवरून चित्र होते. फोटोत कुसुमाच्या झाडाची फाल्गुनातली लालभडक पालवी दिसेल. पण ती कधी फुटली, किती दिवसांत हिरवी झाली, ते पुन्हा पुन्हा जाणाऱ्यालाच कळते. भर उन्हाळ्यात पाने झडून पांढऱ्या सालीनिशी उभा असलेला कुलू, पहाटे मोहाखाली फुले वेचणारी माणसे, धानाच्या बांध्यांत उतरणारा सारस, एवढे घराशेजारी असताना उसने माड कशाला?

कलावंत वनस्पतिशास्त्रज्ञ नसतो, कल्पनेला हद्द नसते, असे यावर म्हटले जाईल. म्हणणे खरे आहे, पण त्यातून न पाहण्याची मुभा मिळत नाही. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे दोन त्रिकोण जोडून माणूस काढत. त्यात हुबेहूबपणा शोधूनही सापडणार नाही. तरी त्यांचे मासेमारीचे जाळे पाहा; जाळे बारकाईने पाहिलेल्या माणसाचे ते जाळे आहे. कल्पना तिथे मोकळी आहे, कारण तिच्याजवळ पाहिलेले पुष्कळ आहे. दुसरी हरकत अधिक वाजवी : नोकरी, घर सांभाळणाऱ्याने जंगलात कधी जायचे, सफारीचे पैसे कुठून आणायचे? ताडोब्याला जायलाच हवे असे कोणी सांगितले? गोरेवाडा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग नागपुरातच आहेत. एकाच झाडाखाली बारा महिने जाणाऱ्याजवळ पाच अभयारण्यांच्या धावत्या फेरीपेक्षा जास्त साहित्य जमते. तेवढाही वेळ नसेल त्याने निसर्गावर लिहू नये. विषय पुष्कळ आहेत.

आणि हा केवळ कलेचा प्रश्न नाही. कोहळी समाजाने बांधलेले पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतले जुने तलाव गाळाने भरत आहेत, आणि सारस महाराष्ट्रात आता गोंदिया आणि आसपासच्या भागापुरता उरला आहे. ज्या पाण्यावर, ज्या पाखरावर कोणी लिहिले नाही, चितारले नाही, ते गेल्याचे शहराला कळतही नाही. पुढच्या अंकासाठी लिहिणाऱ्यांना आणि चित्रकारांना म्हणून आतापासूनच विनंती : आपल्या जिल्ह्यातले एक झाड, एक तलाव किंवा एक पाखरू या दिवाळीपासून पाहायला घ्या, आणि जे दिसेल तेच पाठवा. अशा लेखनाला आणि चित्रांना आमच्याकडे पहिली जागा राहील.