अल्ट्रासाऊंडने हाडांचा कॅन्सर बरा होतो का?

भिंगाने ऊन एका ठिपक्यावर गोळा केलं की कागद जळतो. सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीच्या, पण कितीतरी जास्त ताकदीच्या ध्वनिलहरी शरीरात एका बिंदूवर एकवटल्या, तर तिथल्या पेशीही काही सेकंदांत उष्णतेने मरतात. ‘अल्ट्रासाऊंडने कॅन्सर जळतो’ या दाव्यात इतपत तथ्य आहे. हाडात मात्र गणित बदलतं.

हाड ध्वनिलहरी प्रचंड शोषून घेतं. लहरींची बरीचशी ऊर्जा बाहेरच्या टणक थरातच उष्णता होऊन संपते, आत खोलवर असलेल्या गाठीपर्यंत थोडीच पोहोचते. गंमत म्हणजे वेदनेच्या बाबतीत हीच अडचण कामी आली. हाडावरच्या पातळ आवरणात मज्जातंतूंचं जाळं असतं. हाडाचा पृष्ठभाग तापला की ते निकामी होतात आणि ठणका कमी होतो.

अमेरिकेच्या एफडीएने 2012 मध्ये मान्यता दिली ती नेमकी याच कामासाठी. कॅन्सर दुसऱ्या अवयवातून हाडात पसरला आहे आणि रेडिएशनचा उपयोग झाला नाही किंवा ते देता येत नाही, अशा रुग्णांचं दुखणं कमी करण्यासाठी. 147 रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी सुमारे 64 टक्के जणांना आराम पडला, तर नुसता उपचाराचा देखावा केलेल्या गटात 20 टक्के जणांना. चाचणी वेदनेची होती, कॅन्सर बरा होण्याची नव्हे. बातमी फिरताना नेमका हाच फरक गळून पडतो.

मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये हाडातच सुरू होणाऱ्या ऑस्टिओसार्कोमावर आजही मुख्य उपचार केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हाच आहे. सूक्ष्म बुडबुड्यांनी पेशी फोडणारी ‘हिस्टोट्रिप्सी’ ही नवी पद्धत आशादायक आहे, पण एफडीएने 2023 मध्ये तिला परवानगी दिली ती यकृतातल्या गाठींसाठी. हाडांसाठी व्हर्जिनिया टेकमधले संशोधक तिचा अभ्यास कॅन्सर झालेल्या कुत्र्यांवर करत आहेत.

आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यातलं अल्ट्रासाऊंड मशीन? ते यातलं काहीच करत नाही. उलट कॅन्सरच्या गाठीवर ते फिरवू नये, असाच नियम आहे. ऑस्टिओसार्कोमा बहुतेकदा गुडघ्याजवळ होतो आणि सुरुवातीला खेळताना लागल्यासारखाच वाटतो. त्यामुळे वाढत्या वयातल्या मुलाचा गुडघा आठवडे उलटूनही दुखत असेल, रात्री ठणकत असेल किंवा सुजला असेल, तर शेक आणि मशीनच्या आधी एक्स-रे हवा.