आधी म्यान, मग पिस्तूल
टेक्सासहून आलेला भाचा परवा जेवताना तिकडच्या खिशात मावणाऱ्या पिस्तुलांची तुलना सांगत बसला. आमटी गार झाली. रुगर एलसीपी पावणेतीनशे ग्रॅमचं, पण हलकं म्हणूनच हाताला झटका जोरात. सिग पी३६५ला १० गोळ्यांचं मॅगझीन, वजन मात्र अर्धा किलो. स्मिथ अँड वेसनच्या ६४२ रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या पाचच. पण हॅमर आत झाकलेला, म्हणून काढताना कापडात अडकत नाही. माझं मत विचाराल तर गोळ्या मोजणं नंतर. आधी ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर घ्यावं. आमची आजी बटव्यात अडकित्ता आणि सुटे पैसे कधी एका कप्प्यात ठेवत नसे. पिस्तुलाच्या खिशात तर किल्लीसुद्धा नको. एवढं ज्याला पाळता येत नाही, त्यानं पिस्तूल बाळगूच नये.